रेव्ह. विल्यम शेपर्ड : कूबा लोकांचे मित्र

गेल्या पावसाळ्यात मेढ्याजवळील एका वाडीत सायंकाळच्या उपासनेनंतर एक बंधू आमच्याजवळ थांबले. सुतारकाम हा त्यांच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. दोन वर्षांपूर्वी त्यांचा सहकुटुंब बाप्तिस्मा झाला. त्यांच्या घराच्या माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेला एक लाकडी मुखवटा होता. तो त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने कोरलेला व रंगविलेला. पूर्वी गावच्या यात्रेत सोंगे निघत, तेव्हा तो तोंडास बांधून नाचत असत. आता त्याचे काय करावे, असा त्यांचा प्रश्न होता. वेण्णेत सोडावा, चुलीत घालावा, की आहे तेथे राहू द्यावा? आणि जाळला तर वडिलांच्या हातांचा तो अपमान होणार नाही काय? इतके बोलून ते खाली पाहत उभे राहिले.

ह्या प्रश्नास घाईने उत्तर देणे आम्हांस बरे वाटले नाही. आमच्या सुवार्तिक बंधूंस असे प्रश्न वाडीवाडीत विचारले जातात, हे आम्ही जाणतो. कोणी कठोर उत्तर देतो, कोणी ढिले देतो. आणि दोघांच्याही पाठीमागे विचार थोडाच असतो. त्या रात्री घरी परतताना आम्हांस एका मनुष्याची आठवण झाली. त्याने आपले आयुष्य मुखवटे कोरणाऱ्या लोकांमध्ये घालविले. त्याचे चरित्र आमच्या मंडळ्यांस ठाऊक असावे, म्हणून आज ते येथे सांगत आहोत.

प्रथम त्या लोकांविषयी थोडेसे. मध्य आफ्रिकेत काँगो नावाची महानदी आहे. कासाई ही तिला मिळणारी एक मोठी नदी. कासाई व सांकुरू ह्या दोन नद्यांच्या मधला प्रदेश कूबा लोकांचा. आज तो काँगो लोकशाही प्रजासत्ताकात मोडतो. सतराव्या शतकापासून तेथे एका राजघराण्याची सत्ता चालत आली, आणि त्या दरबाराच्या आश्रयाने कोरीवकाम, विणकाम व मणिकाम ह्या कला फार वाढल्या. त्यांचे मुखवटे तर जगभर प्रसिद्ध आहेत. राजकुळाच्या मूळ पुरुषाची कथा नाचून दाखविताना ते घालीत. एक मुखवटा त्या राजपुरुषाचा. एक त्याच्या राणीचा, जी त्याची बहीणही होती असे कथेत सांगतात. आणि एक मोठ्या कपाळाचा, सामान्य मनुष्याचा. राणीचा मुखवटा लाकडात कोरून त्यावर काळ्या व पांढऱ्या त्रिकोणांची नक्षी रंगवितात. डोळ्यांखालून गालांवर रेघा ओढतात. त्या तिची आसवे होत. वर राफिया नावाच्या ताडाच्या तंतूंचे कापड, मणी आणि कवड्या. आपल्याकडे देवीच्या गळ्यात ज्या कवड्या असतात तशाच त्या, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या त्या रानात व्यापाऱ्यांच्या हातून पोचलेल्या.

आमच्या वाचकांस हे परके वाटू नये. आपल्याच महाराष्ट्रात जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात देव, दैत्य व पशू ह्यांचे मुखवटे घालून गावचे लोक रात्रभर नाचतात. साताऱ्याकडील यात्रांत पालखीतून देवाचा मुखवटा मिरवतात आणि त्यास छबिना म्हणतात. मुखवटा लाकडाचा असो वा धातूचा, त्यामागे एक गाव असते आणि एका कारागिराचा हात असतो. ह्या हाताची गोष्ट लक्षात ठेवावी. कारण पुढील चरित्र सारे हातांचेच आहे.

विल्यम हेन्री शेपर्ड ह्यांचा जन्म 8 मार्च 1865 रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात वेन्सबरो ह्या गावी झाला. त्या वेळी अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून चाललेले यादवी युद्ध संपत आले होते. त्यांची जात काळी. म्हणजे ज्या लोकांस आफ्रिकेतून धरून आणून गोऱ्यांच्या शेतांवर राबविले, त्यांच्या वंशातील ते होते. वडील न्हाव्याचा धंदा करीत आणि गावच्या प्रेसबिटेरियन मंदिराची झाडलोट व देखभाल पाहत. घर प्रार्थनेचे. विल्यम लहानपणीच दुसऱ्या गावी एका गोऱ्या दंतवैद्याच्या घरी घोड्यांची निगा राखावयास राहिला. पुढे त्याने खानावळीत वाढप्याचे काम केले. शिकण्याची हाव मोठी आणि पैसा नाही, अशी त्याची स्थिती होती. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी हेच दिवस काढले असतील!

1880 मध्ये तो हॅम्प्टन येथील विद्यालयात दाखल झाला. दास्यातून मुक्त झालेल्या लोकांच्या मुलांकरिता जनरल आर्मस्ट्राँग ह्यांनी 1868 मध्ये ही शाळा काढली होती. तेथे दिवसा हाताने काम करावयाचे व रात्री शिकावयाचे. रात्रीच्या वर्गास शिकविण्यास बुकर टी. वॉशिंग्टन होते, पुढे काळ्या लोकांचे पुढारी म्हणून ते जगास माहीत झाले. ह्या शाळेत एक खोली होती. तीत दूरदूरच्या लोकांनी हाताने केलेल्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. तरुण विल्यम त्या खोलीत रमत असे. ज्या लोकांस जग रानटी म्हणे, त्यांच्या हातची कारागिरी तेथे पाहून त्याच्या मनात जे बीज पडले, ते पुढे काँगोच्या रानात उगवले.

हॅम्प्टननंतर अलाबामा संस्थानात टस्कलूसा येथील धर्मज्ञान विद्यालयात शिकून 1886 मध्ये शेपर्ड पदवीधर झाले, आणि माँटगोमेरी व अटलांटा येथे पाळकाचे काम करू लागले. पण त्यांचे मन आफ्रिकेकडे लागले होते. आपल्या पूर्वजांच्या देशी शुभवर्तमान घेऊन जावे, असा त्यांनी मिशनकडे अर्ज केला. उत्तर लांबणीवर पडू लागले, तेव्हा ते आगगाडीने बाल्टिमोर येथे जाऊन कचेरीत स्वतः उभे राहिले. काळ्या मनुष्यास एकटे पाठविण्यास मंडळ तयार नाही, वर गोरा मनुष्य पाहिजे, असे त्यांस सांगण्यात आले. ह्या वागणुकीस आम्ही गोड नाव देणार नाही. ख्रिस्ताच्या नावाने चाललेल्या कामातही रंगाचा व जातीचा भेद शिरतो. आमच्या मंडळ्यांनी पूर्वी कुठल्या बाकावर कोण बसतो हे पाहिले नाही, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. शेपर्ड ह्यांनी मात्र अपमान गिळून वाट पाहिली.

अखेर सॅम्युएल लॅप्सली नावाचा एक गोरा तरुण पाळक पुढे आला. तो अलाबामातील एका न्यायाधीशाचा मुलगा, शेपर्डांहून वर्षभराने लहान. काळा आणि गोरा, दोघे तरुण 1890 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून निघाले. स्वतःच्या देशात ज्यांस एका पंक्तीस बसणे कठीण, ते बोटीवर, तंबूत व तापाच्या आजारात एकमेकांचे सोबती झाले. काँगोत तेव्हा खालच्या धबधब्यांमुळे नदीतून वर जाता येत नसे आणि आगगाडीही नव्हती, म्हणून हमालांच्या तांड्याबरोबर शेकडो मैल पायी चालावे लागे. तो मार्ग कापून, मग आगबोटीने कासाई नदीतून वर जाऊन, 1891 च्या एप्रिलात त्यांनी लुएबो येथे मिशनचे ठाणे मांडले. समुद्रकिनाऱ्यापासून ते हजार मैलांहून अधिक आत होते.

ही सोबत फार दिवस टिकली नाही. मिशनच्या कामाकरिता लॅप्सली नदीने खाली गेले आणि 26 मार्च 1892 रोजी मातादी येथे तापाने वारले. त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. ज्या मंडळाने काळ्या मनुष्यास एकटे पाठविण्याचे नाकारले होते, त्याच मंडळाचे काम आता देवाने एकट्या काळ्या मनुष्याच्या हाती ठेविले.

लुएबोच्या बाजारास कूबा व्यापारी येत. त्यांच्यापासून शेपर्ड त्यांची भाषा शिकले होते. पण कूबांच्या राजधानीस परक्या मनुष्याने जाऊ नये, आणि जो कोणी त्यास वाट दाखवील त्याचे मस्तक उडवावे, अशी राजाची आज्ञा होती. शेपर्ड ह्यांनी एक युक्ती केली. ते प्रत्येक गावी मुक्काम करून अंडी विकत घेत. गावची अंडी संपली, की पुढल्या बाजारातून आणावयास आपल्या मनुष्यास गावकऱ्यांच्या पाठोपाठ पाठवीत. आणि तो ज्या पायवाटेने गेला तिचा माग काढीत स्वतः जात. अशा रीतीने कोणीही वाट न दाखविता ते राजधानीच्या जवळ पोचले.

तेथे राजपुत्र सैनिकांसह आला. वाटेतल्या गावचे पाटील धरले गेले. त्यांस शिक्षा होणार होती. शेपर्ड पुढे होऊन म्हणाले, की ह्या लोकांनी मला वाट दाखविली नाही. दोष असेल तर माझा आहे. परक्याच्या तोंडी आपली भाषा ऐकून राजपुत्र चकित झाला व राजाकडे परत गेला. राजा कोत आम्वेकी व त्याचे वृद्ध मंत्री ह्यांनी विचार करून ठरविले, की हा परका नव्हे. हा आपल्याच कुळातील मृत राजा, पुन्हा जन्मून आला आहे! शेपर्ड ह्यांनी ते नाकारले, पण कोणी ऐकेना. लुस्त्र येथे पौल व बर्णबा ह्यांस लोक देव मानू लागले, तो प्रसंग येथे आमच्या वाचकांस आठवेल. शेपर्ड ह्यांनी त्या मानाचा उपयोग एवढाच केला, की तेथे राहण्याची परवानगी घेतली. ते राजधानीत सुमारे चार महिने राहिले.

त्या चार महिन्यांत त्यांनी काय केले, हे आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांनी प्रथम पाहिले. रुंद व झाडलेले रस्ते, चटयांच्या विणीत नक्षी उठविलेल्या घरांच्या भिंती, पुरुषांनी विणलेले आणि बायकांनी सुईने मखमलीसारखे भरलेले राफियाचे कापड, लाकडात मनुष्याचे मुख कोरलेले पेले, सुंदर मुठींच्या सुऱ्या. तेथे कोरणाऱ्यास मान होता. नवा राजा गादीवर बसला म्हणजे त्याच्या नावाची नवी नक्षी काढावी, अशी चाल होती. शेपर्ड ह्यांनी वस्तूंची नावे विचारली, त्यांचा उपयोग लिहून घेतला, पुष्कळ वस्तू विकत किंवा भेट म्हणून घेतल्या व जपून ठेवल्या. त्या काळचे कित्येक प्रवासी व काही मिशनरीही अशा वस्तूंस केवळ भुताखेतांचे सामान समजत. हे मात्र हॅम्प्टनच्या त्या खोलीतून आलेले होते.

म्हणून त्यांनी सर्वच गोष्टींस चांगले म्हटले, असे नाही. जादूटोण्याचा संशय आलेल्यास विष पाजून परीक्षा घेणे आणि थोर मनुष्याच्या पुरण्याबरोबर दासांस मारणे ह्या चाली त्यांनी तेथे पाहिल्या व त्यांचा त्यांनी उघड निषेध केला. राजाच्या तोंडावर निषेध करणे ही लहान गोष्ट नव्हे. अथेनै शहरात पौल वेदींमधून फिरला, त्याचा आत्मा खिन्न झाला. तरी त्याने त्या वेदी फोडल्या नाहीत, त्या नीट पाहिल्या व मगच बोलला. शेपर्ड ह्यांचाही क्रम हाच होता. जे पाप ते पाप म्हटले. जे हाताचे कौशल्य ते देवाचे दान म्हटले.

1893 मध्ये ते सुटीवर गेले असता लंडनच्या रॉयल जिऑग्रफिकल सोसायटीने त्यांस आपले सभासद केले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढल्या वर्षी शिक्षिका ल्यूसी गँट ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि दोघे काही नव्या कामकऱ्यांसह काँगोस परतली. त्या कामकऱ्यांत मारिया फिअरिंग ह्या होत्या. त्या दास्यात जन्मलेल्या, वय पन्नाशीच्या पुढे. मिशन खर्च देईना, म्हणून आपले घर विकून त्यांनी वाटखर्च केला. शेपर्ड दांपत्याच्या दोन मुली काँगोत तान्ह्या असतानाच वारल्या. एक मुलगी व एक मुलगा जगले. पुढे कूबांच्या प्रदेशालगत इबांचे येथे त्यांनी दुसरे ठाणे वसविले, शाळा काढली व मंडळी जमविली.

आता ज्या गोष्टीने शेपर्ड ह्यांचे नाव इतिहासात राहिले तिच्याकडे वळू. 1885 पासून काँगोचा हा अफाट प्रदेश बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याच्या खाजगी मालकीचा झाला होता. त्याने त्या देशात कधी पाऊल ठेवले नाही. 1888 मध्ये हवा भरलेली रबरी धाव निघाली. सायकली व मोटारी वाढल्या आणि रबरास सोन्याचा भाव आला. काँगोच्या रानात रबराच्या वेली होत्या. गावावर रबराचा हिस्सा बसवीत. तो भरला नाही तर शिपाई येत. शिपायास दिलेली गोळी वाया गेली नाही ह्याचा पुरावा म्हणून मारलेल्या मनुष्याचा उजवा हात कापून आणावा लागे. पुष्कळदा जिवंत मनुष्याचाही हात कापीत.

1899 मध्ये सरकारच्या वतीने कर गोळा करणाऱ्या झाप्पो झाप नावाच्या टोळीने लुएबोच्या पूर्वेकडील पियांगा प्रदेशात गावे जाळली. मिशनचे प्रमुख विल्यम मॉरिसन ह्यांनी शेपर्ड ह्यांस चौकशीस पाठविले. जीवाचे भय होते. तरी ते गेले. टोळीचा नायक त्यांस ओळखीत होता. तो त्यांस आपल्या छावणीत घेऊन गेला आणि लपविण्याजोगे काही आहे असे न वाटून सर्व दाखवीत गेला. एका ठिकाणी मंद विस्तवावर लाकडांची मांडणी केली होती व तिच्यावर मनुष्यांचे उजवे हात वाळत घातले होते. सरकारास दाखवावयाचे म्हणून ते सडू न देण्याची ही तजवीज होती.

शेपर्ड ह्यांनी ते हात मोजले. एक्याऐंशी.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या लोकांच्या हातांचे काम हा मनुष्य इतकी वर्षे पाहत आला होता, ज्यांच्या हातांनी कोरलेले पेले त्याच्या घरात होते, त्या देशच्या लोकांचे हे हात होते. त्याने आरोळी ठोकली नाही, तो पळाला नाही. त्याने मोजले, लिहून घेतले, कैदेत ठेवलेल्या स्त्रियांची नोंद केली आणि छायाचित्रे घेतली. परत येऊन त्याने सर्व हकीकत मॉरिसन ह्यांस दिली. ती छापली गेली आणि युरोप-अमेरिकेत पोचली. काँगोच्या जुलमाविरुद्ध पुढे जी मोठी चळवळ उभी राहिली, तिच्या पायात हा एक दगड होता. मोजलेली संख्या होती, म्हणून कोणास ती गोष्ट हवेवर सोडता आली नाही.

1904 मध्ये कूबा लोकांनी जुलमास कंटाळून उठाव केला. त्यात परक्यांचे जे जे दिसले ते जळाले. इबांचे येथील मिशनही जळाले. ज्यांच्याकरिता झिजावे त्यांच्याच हातून घर जळावे, हे दुःख शेपर्ड ह्यांस भोगावे लागले; तरीही ते त्यांच्या बाजूचेच राहिले. 1908 च्या जानेवारीत मिशनच्या लहानशा पत्रात त्यांनी एक लेख लिहिला. पूर्वी कूबांची शेते पिकलेली व घरे नक्षीदार असत. आता पुरुषास रबराकरिता रानात राहावे लागते, शेते ओसाड पडली, घरे मोडकळीस आली, आणि ही अवस्था थोड्याच वर्षांत झाली, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षाच्या अखेरीस काँगो लिओपोल्डाच्या हातून जाऊन बेल्जम राष्ट्राच्या ताब्यात आला; परंतु कासाई प्रांतात रबराचा मक्ता असलेली कासाई कंपनी कायमच होती. तिने ह्या लेखावरून बदनामीचा दावा लावला.

1909 च्या सप्टेंबरात लिओपोल्डव्हिल येथे, म्हणजे आजच्या किन्शासात, खटला उभा राहिला. मॉरिसन ह्यांच्यावरील दावा पुढे चालला नाही. पिंजऱ्यात एकटे शेपर्ड राहिले. त्यांचे वकीलपत्र घेण्यास बेल्जममधून एमिल वान्डरवेल्ड आले. ते बेल्जमच्या समाजवादी पक्षाचे पुढारी, धर्माशी त्यांचा संबंध नाही. तरी एका परक्या काळ्या पाळकाकरिता त्यांनी एवढा प्रवास केला व मोबदला घेतला नाही. खुद्द बेल्जमच्या वसाहतीत, बेल्जमच्या न्यायाधीशापुढे, 4 ऑक्टोबर 1909 रोजी शेपर्ड निर्दोष ठरले. पुढे कासाईतील रबराचा जुलूम हळूहळू ओसरला. त्यास कारणे अनेक होती, पण साक्ष देणाऱ्यांच्या यादीत हे नाव वरचे आहे.

येथेच चरित्र संपविले असते, तर वाचावयास गोड झाले असते. परंतु पवित्र शास्त्र दाविदाचे पाप झाकीत नाही, तर आम्ही कोण झाकणार? 1910 मध्ये शेपर्ड काँगोतून परत बोलाविले गेले. तेथे त्यांच्या हातून व्यभिचाराचे पाप घडले होते. त्यांनी ते कबूल केले. मंडळीने त्यांस सुमारे वर्षभर पाळकपदापासून दूर ठेवले, आणि पश्चात्ताप पाहून 1912 मध्ये पुन्हा घेतले. त्या काळी लोकांपासून हे कारण लपविण्यात आले. आज ते कागदपत्रांवरून सर्वांस माहीत आहे. ज्याने राजापुढे सत्य सांगितले, कंपनीपुढे सांगितले, त्यास स्वतःविषयीही सत्य सांगावे लागले. आणि तेच सर्वांत कठीण गेले असेल, असे आम्हांस वाटते. ल्यूसीबाईंनी त्यांस सोडले नाही. ह्या एका वाक्यात त्या माउलीने किती सोसले असेल, ते आमच्या भगिनींस सांगावयास नको.

त्यानंतर केंटकी संस्थानात लुईव्हिल शहरी काळ्या लोकांच्या गरीब वस्तीत ते ग्रेस प्रेसबिटेरियन मंडळीचे पाळक झाले. ज्यांचा लंडनात सन्मान झाला होता, त्यांस स्वदेशी आगगाडीत काळ्यांच्या डब्यात बसावे लागे. त्यांनी तेथे सुमारे चौदा वर्षे मुले शिकविली, आजारी पाहिले, उपदेश केला. 1926 मध्ये त्यांस अर्धांगवायूचा झटका आला आणि 25 नोव्हेंबर 1927 रोजी त्यांनी देह ठेवला. काँगोतून आणलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह 1911 मध्येच त्यांनी आपल्या हॅम्प्टनच्या विद्यालयास विकला होता. ज्या शाळेतल्या खोलीने त्यांचे डोळे उघडले, त्याच शाळेकडे कूबांच्या हातची कामे गेली. आजही ती तेथे आहेत, आणि जगातील जाणते लोक त्यांपुढे आदराने उभे राहतात.

असो. आता आमच्या सुतार बंधूंच्या प्रश्नाकडे येऊ. मूर्तिपूजेविषयी देवाची आज्ञा स्पष्ट आहे, तीत आम्ही केसभरही फरक करीत नाही. ज्या वस्तूपुढे मन अजून वाकते, जिच्या कोपाचे भय अजून वाटते, ती घरात ठेवू नये. परंतु निर्गमाच्या पुस्तकात ज्या हातांनी सोन्याचे वासरू झाले त्याचा धिक्कार आहे, तेथेच बसालेलाची गोष्टही आहे. लाकूड कोरण्याचे ज्ञान त्यास देवाच्या आत्म्याने दिले. हात तेच, कोणाच्या सेवेस लागले, हा प्रश्न. आमचा तारणारा स्वतः सुताराच्या घरी वाढला, हेही आम्ही विसरू नये. म्हणून आम्ही त्या बंधूंस एवढेच विचारले : ह्या मुखवट्याचे तुम्हांस भय वाटते, की त्यात वडिलांचा हात दिसतो? ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की भय बाप्तिस्म्याच्या पाण्यात गेले. राहिला आहे तो बापाचा हात.

तर मग तो राहू द्यावा, असे आम्ही म्हटले. नाचू नये, पूजू नये, विकण्याची घाईही करू नये. नातवास दाखवावा, आणि आजोबांची पटाशी कशी चालत असे ते सांगावे. ज्यांस भय वाटत असेल, त्यांस आमचे उत्तर निराळे असेल. सुवार्तिकांनी प्रथम विचारावे व मग सांगावे.

आणि आणखी एक. मुखवट्यावर तंटा करणे सोपे आहे. तो कोरणाऱ्या हाताची काळजी घेणे कठीण आहे. सातारा-सांगलीच्या उसाच्या फडात दरवर्षी दुरून माणसे तोडणीस येतात. कोणाची मजुरी बुडते, कोणाचा हात कोयत्याखाली किंवा चरकात सापडतो, आणि कोणी लिहून ठेवीत नाही. आमच्या मंडळ्यांत आता लिहिणे-वाचणे जाणणारे पुष्कळ आहेत. शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या उजव्या हाताच्या मनुष्यास प्रभूने मध्ये उभे केले आणि सर्वांच्या देखत बरे केले. आपल्या हातून चमत्कार होत नसेल, पण मोजणे होते. नाव, दिवस आणि रक्कम खरी लिहून योग्य ठिकाणी नेणे होते. शेपर्ड ह्यांनी याहून अधिक काय केले?

आमचे ते बंधू सध्या वाडीच्या मंडळीसाठी पवित्र शास्त्र ठेवावयाचे एक मेज करीत आहेत. त्याच्या पायांवर त्यांनी वेलीची नक्षी काढली आहे, ती वडिलांच्या हातच्या नक्षीसारखीच. मुखवटा माळ्यावर आहे; आता मात्र धोतरात गुंडाळलेला नाही.